रिंक आणि इस्पितळ

भूगोलाच्या तासाला गवताळ प्रदेशांचा एक धडा शिकवावा लागतो. आशियातील स्टेप, दक्षिण अमेरिकेतील पंपास, आफ्रिकेतील व्हेल्ड, ऑस्ट्रेलियातील डाउन्स आणि उत्तर अमेरिकेतील प्रेअरी ही पाच नावे मुलांकडून घोकून घेण्यात माझी वीस वर्षे गेली. प्रेअरीविषयी मी मुलांना दोनच गोष्टी सांगत असे. तेथे गहू विपुल पिकतो आणि तेथील लोकवस्ती विरळ आहे. ‘विरळ लोकवस्ती’ या दोन शब्दांत काय काय सामावलेले असते, याची मला स्वतःलाच कल्पना नव्हती, हे आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

२०२३ सालच्या जानेवारीत मी बिनपगारी रजा घेऊन कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात गेले आणि मार्चअखेरपर्यंत तेथे राहिले. माझा धाकटा भाऊ तेथील एका लहान गावी सहकारी दुकानात हिशेबनीस आहे. भावजय परिचारिका आहे. तिची रात्रपाळी आणि घरातील दोन मुले यांची सांगड बसेना, म्हणून अक्काला, म्हणजे मला, बोलावणे आले. गावाचे नाव मी सांगत नाही. वस्ती जेमतेम नऊशे. त्या प्रांताचे क्षेत्रफळ साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. आणि २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या अवघी सुमारे ११ लाख ३२ हजार! आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ४७ लाखांवर होती. यावरून श्रोत्यांनी अंदाज बांधावा.

विमानतळावरून गावाकडे जाताना रस्ता असा सरळ होता की, भाऊ म्हणाला, “अक्का, इथे चालवणाऱ्याला झोप येऊ न देणं हेच बाजूला बसणाऱ्याचं काम.” दोन्ही बाजूंना बर्फाखाली झाकलेली शेते. डोंगर नाही, टेकडी नाही, झाड दिसले तर कोणाच्या तरी घराभोवती लावलेले. बऱ्याच वेळाने क्षितिजावर एक काडी उभी असल्यासारखी दिसली. ते गावचे धान्याचे कोठार. त्याला तिकडे एलेव्हेटर म्हणतात. आपल्याकडे दुरून देवळाचा कळस किंवा चर्चचा मनोरा दिसला की गाव आले असे समजावे. तेथे गव्हाचे कोठार दिसते.

ही गावे इतकी लहान का, आणि मुळात ती तेथे का, हे समजून घेतल्यावाचून पुढचे काही नीट कळणार नाही. १८७२ च्या कायद्यान्वये कॅनडाच्या सरकारने दहा डॉलर शुल्क घेऊन १६० एकर जमीन देण्यास आरंभ केला. अट अशी की, घेणाऱ्याने तेथे घर बांधून तीन वर्षे वास्तव्य करावे आणि जमीन नांगराखाली आणावी. युक्रेन, नॉर्वे, जर्मनी, स्कॉटलंड येथून लोक आले. त्यांचा गहू नेण्यासाठी रेल्वे झाली आणि रेल्वेने आठ-दहा मैलांवर एकेक स्थानक ठेवले. कारण घोडागाडीत धान्य भरून निघालेल्या शेतकऱ्याला दिवस मावळण्यापूर्वी परत घरी पोचता आले पाहिजे. घोड्याच्या एका दिवसाच्या चालीवरून ही गावे आखली गेली आहेत. घोडे केव्हाच गेले. मोटारी आल्या, पुढे लांब पल्ल्याच्या मालमोटारी आल्या, कोठारे थोडी आणि मोठी झाली, अनेक फाट्यांवरील रूळ उखडले गेले. मग आठ-दहा मैलांवरच्या त्या गावांचे प्रयोजन काय उरले? हा प्रश्न तिकडे प्रत्येक गावाच्या उशाशी बसलेला असतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही जमीन ओसाड पडलेली नव्हती. क्री, असिनिबॉइन इत्यादी जमातींची ती भूमी होती आणि तहनाम्यांवर सह्या घेऊन ती घेतली गेली. त्यांपैकी १८७६ च्या सहाव्या तहात एक कलम आहे: सरकारी एजंटाच्या घरी या लोकांच्या उपयोगासाठी औषधांची एक पेटी ठेवली जाईल. प्रेअरीवर औषधोपचाराचे लेखी आश्वासन प्रथम त्या मूळ रहिवाशांनी मागून घेतले होते. ते कितपत पाळले गेले, हा निराळा आणि दुःखद विषय आहे.

असो. गावात मुख्य रस्ता एक. टपाल कचेरी, सहकारी दुकान, शाळा, एक चिनी उपाहारगृह, तीन चर्चे. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा एका रविवारी सकाळी, तर दुसऱ्या रविवारी दुपारी. कारण एकच फादर चार गावांची चर्चे सांभाळतात. परंतु गावाचा प्राण म्हणाल तर दोन इमारतींत. एक रिंक, दुसरे इस्पितळ. घर घेण्यापूर्वी नवा माणूस या दोनच गोष्टींची चौकशी करतो, असे भावाने मला पहिल्याच दिवशी सांगितले. इस्पितळाचे मी समजू शकले. रिंकचे हसू आले. पुढे हसू मावळले.

रिंक म्हणजे बर्फाचे क्रीडांगण, वर छप्पर घातलेले. एका बाजूस आइस हॉकीचे मैदान, भिंतीपलीकडे कर्लिंगच्या चार पट्ट्या. आइस हॉकी आपण ऐकून आहोत. गॉर्डी हाऊ हा विख्यात खेळाडू याच प्रांतातील फ्लोरल नावाच्या खेड्यात १९२८ साली जन्मला. कर्लिंग मात्र मी प्रथमच पाहिले. सुमारे दीडशे फूट लांबीच्या बर्फाच्या पट्टीवरून वीस किलोपर्यंत वजनाचा ग्रॅनाइटचा गोल धोंडा मुठीने धरून हळूच सोडून द्यावयाचा आणि तो पलीकडच्या टोकाच्या वर्तुळांत नेमका नेऊन ठेवावयाचा. धोंडा घरंगळू लागला की त्याच्यापुढे दोघे गडी कुंचे घेऊन बर्फ घासत धावतात. घासल्याने बर्फ किंचित वितळतो, धोंडा अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. खेळापूर्वी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून खडीसारखे होतात आणि त्यांवरूनच धोंडा चालतो. नितळ बर्फावर तो अडखळतो. या खेळात गावच्या सामन्याला पंच नसतो. आपला कुंचा धोंड्याला लागला तर ज्याचा लागला त्यानेच तसे सांगावयाचे. सामना संपल्यावर जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना आपल्या खर्चाने काहीतरी प्यायला द्यावयाचे आणि एका टेबलाशी बसावयाचे.

आणि खेळणारे कोण? शाळेचे मुख्याध्यापक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, सत्तरी ओलांडलेल्या आजी, माझी भावजय. उणे पस्तीस अंश तापमानात, चार वाजताच दिवस कलू लागतो तेथे, सहा महिने माणसाने माणसाचे तोंड पाहावयाचे कोठे? तर रिंकवर. मुले तेथे, म्हातारी तेथे, भांडणे तेथे, सोयरिका तेथे. बिगर या गावची सँड्रा श्मिर्लर हिने १९९८ साली नागानो येथे कर्लिंगचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. दोनच वर्षांनी कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा ती अवघी ३६ वर्षांची होती. तिचे नाव तेथे घरच्या माणसासारखे घेतात.

या रिंकची व्यवस्था कोण पाहते, हे मी विचारले तेव्हा आमच्या शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याने स्वतःकडे बोट दाखवले. बर्फाचे यंत्र म्हातारे झालेले, त्याच्याइतकेच. रात्री मुले घरी गेल्यावर तो एकटा मैदानावर गरम पाण्याचा थर देत असतो. गरम पाणी जुन्या बर्फाशी चांगले एकजीव होते, हे मला त्यानेच समजावले. पगार नाही. विजेचे बिल भरण्यासाठी शरद ऋतूत गावजेवण होते. टर्कीचे मांस, युक्रेनियन पद्धतीच्या पेरोगी आणि डझनांनी पाय. तिकीट लावून आसपासच्या गावांना बोलावतात. भांडी घासण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात आणि त्या यादीत नाव असणे हेच गावचा नागरिक झाल्याचे लक्षण. भावजयीचे नाव दुसऱ्या वर्षी यादीत आले, तेव्हा तिने त्या यादीचे छायाचित्र काढून आम्हांला पाठवले होते. त्या वेळी आम्हांला त्याचे मर्म कळले नाही.

आता इस्पितळाकडे वळते. १९१५ च्या सुमारास होल्डफास्ट या गावचे डॉक्टर गाव सोडून जाण्याच्या बेतात होते. पीक बुडाले की शेतकरी डॉक्टरची फी देऊ शकत नाही आणि डॉक्टर उपाशी राहू शकत नाही. तेव्हा सार्निया नावाच्या त्या ग्रामीण नगरपालिकेने करातून वर्षाला १५०० डॉलर देऊ केले आणि डॉक्टर राहिले. हे कायद्यात बसत नव्हते. १९१६ साली कायदाच बदलावा लागला. दोन-चार पालिकांनी एकत्र येऊन इस्पितळ बांधावे, अशीही सोय त्याच वर्षी झाली. क्षयरोगाचे उपचार त्या प्रांतात १९२९ पासून मोफत झाले. पुढे तिसाच्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली, गव्हाचा भाव कोसळला, तेव्हा हीच पद्धत तगून राहिली. नॉर्वेहून आलेल्या मॅथ्यू अँडरसन या शेतकऱ्याने आपल्या पालिकेपुरती कर घेऊन सर्वांना औषधोपचार देण्याची योजना आखली आणि १९३९ साली तिच्यासाठी कायदा करून घेतला.

या सगळ्याच्या पाठीवर टॉमी डग्लस आले. हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला विकार झाला होता. घरची गरिबी. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी या अटीवर एका शल्यविशारदाने फुकट उपचार केले, म्हणून पाय वाचला. आपला पाय दैवयोगाने वाचला, हक्काने नव्हे, ही गोष्ट त्यांनी जन्मभर ध्यानात ठेवली. १९४४ साली ते प्रांताचे मुख्यमंत्री झाले. १ जानेवारी १९४७ पासून माणशी पाच डॉलर वार्षिक वर्गणीत सर्वांना इस्पितळाची सेवा मिळू लागली. १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या सेवेचाही विमा सुरू झाला, तेव्हा डग्लस देशाच्या राजकारणात गेले होते आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री होते. त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी संप पुकारला. २३ दिवस तो चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले. अखेर तडजोड झाली आणि योजना टिकली. काही वर्षांत ती साऱ्या कॅनडाची झाली.

या वादात आमचे एक धर्मगुरू विरुद्ध बाजूला होते, हे लपवण्याचे कारण नाही. विल्कॉक्स नावाच्या चिमुकल्या गावी फादर ॲथॉल मरे यांनी १९२७ पासून शाळा चालवली. तेथील मुलांच्या आइस हॉकीच्या संघाचे नाव देशभर गाजले. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांनी धान्य घेऊन शिकवले. परंतु १९६२ साली याच फादरांनी सरकारी योजनेविरुद्ध अत्यंत जहाल भाषण केले. सगळे सरकारच्या हाती गेले की माणसाच्या हाती काय उरणार, ही त्यांची धास्ती. त्यांची बाजू चुकीची होती असे मला वाटते. धास्ती मात्र अगदीच निराधार नव्हती. ती मला एका रात्री वेगळ्या तऱ्हेने कळली.

फेब्रुवारीतली रात्र. पारा उणे तेहतीस. बाहेर वाऱ्याबरोबर बर्फाचा भुगा रस्त्यावरून नदीसारखा वाहत होता. साडेअकराच्या सुमारास भाऊ उठून बसला. छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, अंग घामाने चिंब. भावजय रात्रपाळीला. मी दूरध्वनी केला. तिकडून उत्तर मिळाले की, गावची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन शहराकडे गेली आहे, शेजारच्या तालुक्यातली निघेल, तासभर लागेल. इस्पितळ आमच्या घरापासून सातशे पावलांवर. पण तेथील तातडीचा विभाग त्या आठवड्यात बंद होता. परिचारिका पुरेशा नाहीत, डॉक्टरांची जागा रिकामी, म्हणून. दारावर तसा छापील कागद चिकटवलेला होता. मी तो आदल्याच दिवशी वाचला होता आणि विसरले होते.

शेजारी, तेच रिंकवाले आजोबा, दहा मिनिटांत गाडी घेऊन आले. तिकडे रात्री गाडीच्या यंत्राला विजेची तार जोडून ठेवतात, नाहीतर ती सुरूच होत नाही. मागच्या बैठकीवर घोंगड्या, फावडे आणि मेणबत्त्या कायमच्या ठेवलेल्या. मुलांजवळ त्यांच्या पत्नी बसल्या. आम्ही निघालो तो रस्ता इस्पितळावरूनच जातो. इमारतीचा अर्धा भाग काळोखात, अर्ध्या भागात दिवे. कारण दुसऱ्या अर्ध्या भागात वृद्धांचा निवास आहे आणि माझी भावजय तेथेच कामावर होती. मी तिला कळवले होते. ती पायरीवर कोट पांघरून उभी होती. धावत आली, नवऱ्याची नाडी पाहिली, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली आणि म्हणाली, “अक्का, तुम्ही जा. आत बावीस जण आहेत, मला निघता येत नाही.” गाडी वळली तेव्हाही ती तेथेच उभी होती. बंद दाराच्या शेजारच्या उघड्या दारात.

तो प्रवास मी वर्णन करून सांगू शकणार नाही. आजोबा एक अक्षर बोलले नाहीत. पंचेचाळीस किलोमीटरवर, एका फाट्याशी, समोरून येणारी रुग्णवाहिका आम्हांला भेटली. तेथे वाऱ्यात भावाला या गाडीतून त्या गाडीत घेतले. पहाटे मोठ्या इस्पितळात, तेथून रिजायना शहरी, आणि दुसऱ्या दिवशी हृदयाच्या धमनीत जाळी बसवली गेली. भाऊ वाचला. आठव्या दिवशी घरी आला. शस्त्रक्रिया, डॉक्टर, इस्पितळ यांचे बिल एक पैदेखील आले नाही. रुग्णवाहिकेचे तेवढे आले. ते तेथे द्यावे लागते.

हे दोन्ही खरे आहे, श्रोतेहो, आणि दोन्ही एकाच रात्रीचे आहे. डग्लस यांची योजना नसती तर एका हिशेबनिसाच्या घरावर आयुष्यभराचे कर्ज झाले असते. आणि त्याच योजनेच्या प्रांतात सातशे पावलांवरचे दार बंद होते.

नंतर मी आजोबांना विचारले. ते इस्पितळ त्यांच्या वडिलांच्या पिढीने कर आणि वर्गणी काढून बांधलेले. गावच्या मंडळात ते स्वतः बसत. मग १९९३ साली प्रांताची तिजोरी कर्जाने खाली झाली, तेव्हा सरकारने ५२ ग्रामीण इस्पितळांतील खाटा बंद केल्या. आणि ते सरकार डग्लस यांच्याच परंपरेतील पक्षाचे होते. आमचे इस्पितळ त्या यादीतून वाचले. पुढे गावोगावची मंडळे जाऊन सुमारे तीस जिल्हा मंडळे झाली, मग बारा, आणि २०१७ च्या अखेरीस सबंध प्रांतासाठी एकच मंडळ. त्याच २०१७ सालच्या मे महिन्यात १९४६ पासून चालत आलेली प्रांताची सरकारी बससेवाही बंद झाली. गाडी न चालवू शकणारा म्हातारा पूर्वी त्या बसने शहरच्या डॉक्टरकडे जाऊन येत असे.

“रिंकचं यंत्र बिघडलं तर मी पाना घेऊन जातो,” ते म्हणाले. “इस्पितळाचं दार बंद झालं तर कुणाकडे जायचं तेच मला ठाऊक नाही.”

मी शिक्षिका आहे. मी वाद घातला. डॉक्टर शहराकडे जातात त्याला मंडळ काय करणार? नऊशे वस्तीच्या गावी एकटा डॉक्टर रात्रंदिवस कसा राहील? शस्त्रक्रिया तर शहरातच हव्यात, जसे आपल्याकडे खानापूरच्या रुग्णाला बेळगावला आणावे लागते. त्यांनी सर्व मान्य केले. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणीचा डॉक्टर पोटाची शस्त्रक्रिया करी आणि त्यात माणसे मरतही. जुने दिवस चांगले होते, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की, डॉक्टर नाही हे ठरताना आम्ही खोलीत असावयास हवे होतो. १९१५ साली होल्डफास्टचे शेतकरी खोलीत होते.

दूर अंतर हा त्या प्रदेशाचा स्थायीभाव. ६ एप्रिल २०१८ रोजी हंबोल्ट गावच्या तरुण हॉकी संघाची बस एका चौकात मालमोटारीवर आदळली आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. मालमोटार चालवणारा तरुण भारतातून गेलेला होता, त्यामुळे आपल्या वृत्तपत्रांतही ती बातमी आली होती. जखमींना प्रथम नेले ते जवळच्या लहान गावांच्या इस्पितळांत. आणि दोन दिवसांनी शोकसभा भरली ती गावच्या रिंकमध्ये. देशभर लोकांनी आपापल्या दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. या दोन इमारती एकमेकींपासून किती जवळ आहेत, हे मला तेव्हा बातमी वाचून कळले नव्हते.

मार्चच्या अखेरीस मी परतले. निघण्यापूर्वी भाऊ-भावजयीत रोज रात्री एकच बोलणे चाले. शहरात जावे की राहावे? भावजय गेली तर वृद्धनिवासातली एक परिचारिका कमी होणार आणि आणखी एक कागद दारावर लागणार, हे तिला ठाऊक होते. भाऊ म्हणे, ते ओझे तू एकटीने का वाहावेस? मी थोरली असून मला सल्ला देता आला नाही. अजूनही देता येत नाही.

ते तूर्त तेथेच आहेत. तातडीचा विभाग आता दिवसा उघडा असतो, रात्री नाही. गेल्या पत्रात भावाने कळवले की, रिंकच्या यंत्राचा एक मोठा भाग बदलावा लागला, गावाने वर्गणी काढली, आजोबांच्या गुडघ्यांनी आता दगा दिला आहे, म्हणून रात्री बर्फावर पाणी देण्याचे काम आठवड्यातून दोनदा तो स्वतः करतो. डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही. रात्री अकराला तो दिवे मालवतो, दाराला कुलूप लावतो आणि इस्पितळावरून चालत घरी येतो. भावजयीच्या खिडकीत त्या वेळी दिवा असतो.